आठ दिवसांत स्पष्ट उत्तर

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही काढली. खाकी कव्हर घातलं, लेबल लावलं. मोहीम सुरू.

विषय: मी व अन्नपूर्णा यांच्या पश्चात कु. पुष्पांजली हिला कुटुंब पेन्शन मिळण्याबाबत.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी पार्श्वभूमी लिहितो. पार्श्वभूमी नसली तर फाइल कसली, नुसते कागद. मी अर्जुनराव, वय चौसष्ट, एका सरकारी खात्याच्या बुलढाण्याच्या ऑफिसातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त, मुक्काम देऊळघाट. छत्तीस वर्षं आस्थापना सांभाळली. पुष्पांजली थोरली, वय तेहेतीस. बुद्धीने जरा कमी. 'जरा' हा शब्द माझा, पत्नी अन्नपूर्णाचा नाही.

काल भाऊबीज झाली, आज पहाटे मुलगा अविनाश आणि सूनबाई छाया पुण्याला परत गेले. निघताना अन्नपूर्णाने अविनाशला विचारलं की आमच्या दोघाइच्या मागं पुष्पीले कोन पाहीन? अविनाश म्हणाला, बघू ना आई. छाया बॅगेची चेन लावत होती. ती चेन बराच वेळ लागली नाही.

सरकारी माणसाच्या अपंग लेकराला आईबापाच्या मागे जन्मभर पेन्शन मिळते, असं काहीतरी आहे. नक्की काय, कोणता फॉर्म, कुठे द्यायचा, हे सगळं आता ऑनलाइन असतं. आठ दिवसांत स्पष्ट उत्तर. त्यानंतर फक्त सह्या.

६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी

अन्नपूर्णा म्हणते, अर्ध्या तासावर बुलढाणं, यष्टीत बसा अन् तुमच्याच हापिसात जाऊन इचारा, त्याले मोबाईल काऊन पायजे? तिला समजावलं की जमाना बदलला. ऑफिसात खेटे घालणं हे मागासलेपण आहे. शिवाय मी गेलो की लोक खुर्ची देतात, चहा मागवतात, त्यांचा कामाचा वेळ जातो. तत्त्व म्हणून जाणार नाही.

संकेतस्थळ उघडलं. 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न', एकूण बावीस. चौदावा अगदी आपलाच: अपंग पाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन मिळते का? उत्तर: नियमानुसार.

उत्तर मुद्देसूद आहे. नोकरीत मी स्वतः असंच लिहायचो. आता नियम शोधायचा, एवढंच राहिलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

नियम सापडला. म्हणजे नियमाची पीडीएफ सापडली. स्कॅन तिरकं आहे, म्हणून मान तिरकी करून वाचलं. पान तीनवर 'अपंग' हा शब्द आहे आणि त्याच्या खालच्या चार ओळींवर गोल शिक्का बसलाय. शिक्का फार सुंदर उमटलाय. आमच्या वेळी एवढी चांगली शाई येत नव्हती.

संध्याकाळी मान आखडली. अन्नपूर्णाने तेल लावून दिलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आठ दिवस पूर्ण. महिनाअखेरपर्यंत मुदतवाढ घेतली. कारण: तांत्रिक.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ११

पोर्टलवर नोंदणी सुरू. नऊ चौकोन येतात, ज्यात सिग्नल दिसतो ते निवडा म्हणतं. चार वेळा चुकलो. मी माणूस नसून यंत्र आहे असा त्या पोर्टलचा समज झाला. पुष्पी शेजारी मेथी निवडत होती. सरकत सरकत आली, बोटाने टक टक टक केलं, पास. देऊळघाटात एक सिग्नल नाही, तरी पोरगी ओळखते. हुशार आहेस म्हटलं. ती म्हणाली, बाबा, अजून लावा. तासभर लावले. एक चुकवला नाही.

लॉगिन मात्र राहिलं. ओटीपी माझ्या जुन्या नंबरवर जातो, आणि तो नंबर पाच वर्षांपूर्वी बंद केला.

एक नोंद, गैरसमज नको म्हणून. चौकोन जमले म्हणजे सगळं जमलं असं नाही. दुकानात पाठवली तर नोट देऊन रिकाम्या हाताने परत येते. दुकानदार भला, मागून सामान पाठवतो. आंघोळीचं पाणी किती गरम, हे अन्नपूर्णा बघते. वेणीही तीच घालते. गॅसजवळ जाऊ देत नाही. म्हणून तर ही मोहीम.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज यूट्यूब. 'पेन्शनधारकांना मोठी खुशखबर, शेवटपर्यंत पहा.' अकरा मिनिटं. पहिली चार मिनिटं चॅनेल सबस्क्राइब करा. मग गेल्या वर्षीची खुशखबर. शेवटी, अधिक माहितीसाठी अधिकृत संकेतस्थळ पहा. संकेतस्थळावर, अधिक माहितीसाठी संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा. संबंधित कार्यालयाला नाव न सांगता फोन लावला. तिकडून बाई म्हणाली, सगळं ऑनलाइन आहे, पाहून घ्या.

आवाज ओळखला. सुचिता. माझ्या हाताखाली लागली होती, आता माझ्याच टेबलावर बसते. आमच्या वेळी ऑनलाइन नव्हतं, तेव्हा मी म्हणायचो, सगळं नोटीस बोर्डावर आहे, पाहून घ्या. पोरगी काही विसरली नाही. फोन ठेवून दिला.

प्रगती: तिन्ही ठिकाणची माहिती एकमेकांशी तंतोतंत जुळते.

३ डिसेंबर, मंगळवार

आज दिव्यांग दिन. मुहूर्त साधून पेन्शनर मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ॲडमिन मी. सदस्य सतरा. रोज सकाळी एक नियम टाकणार. नियम मिळेपर्यंत सुविचार टाकणार.

पहिला प्रश्न भागवतचा. भागवत म्हणजे आमच्या ऑफिसचा निवृत्त ड्रायव्हर, इथंच खालच्या वार्डात राहतो. त्याच्या गणेशचे पाय लहानपणापासून अधू. विचारतो, बडे बाबू, गण्याचं नाव माह्या पेन्शनले चढवाचं हाये, काय करू? त्याला सविस्तर लिहिलं की ऑफिसात जाऊन वेळ घालवू नकोस, पोर्टलवर नोंदणी कर, चौकोन काळजीपूर्वक निवड. त्याने जोडलेले हात पाठवले, दोन वेळा.

लोकांना मार्गदर्शन केलं की आपलंही काम अर्धं होतं.

१८ डिसेंबर, बुधवार. दुपारी ३

मोबाइलमध्ये हल्ली एक मदतनीस असतो, काहीही विचारा, उत्तर देतो. विचारलं, माझ्या मतिमंद मुलीला कुटुंब पेन्शन मिळेल का? म्हणाला, हो, नक्कीच, आणि सात मुद्दे दिले. विचारलं, मुलीचं अपंगत्व बापाने रिटायर होताना कागदावर लिहिलंच नसेल तर? म्हणाला, मग मिळणार नाही, आणि सात मुद्दे दिले. म्हटलं, मघाशी तर हो म्हणालास. लगेच माफी मागितली. म्हणाला, आपलं बरोबर आहे, मिळेल.

इतका नम्र कर्मचारी आमच्या ऑफिसात एकही नव्हता. तीनपैकी दोन उत्तरं आपल्या बाजूने. बहुमत.

मधला प्रश्न सहज विचारला होता. त्याला काही कारण नव्हतं.

१ जानेवारी २०२५, बुधवार

संकल्प. या विषयावर पुस्तिका लिहायची. 'पेन्शन: शंका तुमच्या, उत्तर माझं'. चिखलीच्या प्रेसवाल्याशी बोललो. प्रस्तावना लिहून झाली, आभारही लिहिले. पहिलं प्रकरण उत्तर मिळाल्यावर.

अन्नपूर्णाला प्रस्तावना वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, ह्याच्यात पुष्पीचं काय झालं? म्हटलं, ते सातव्या प्रकरणात.

९ जानेवारी, गुरुवार

काल सकाळी पाण्याची टाकी घासताना छातीत कळ आली. डाव्या हातापर्यंत गेली. गॅस. अन्नपूर्णाने भागवतला बोलावलं, त्याने कुणाची तरी गाडी आणली आणि बुलढाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, काका, हा गॅस नाही. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. पुढच्या तपासण्या मोठ्या शहरात करून घ्या, लांबवू नका म्हणाले. डॉक्टर तरुण आहे, अनुभव कमी.

येताना गाडी आमच्या ऑफिसवरून गेली. भागवतने स्पीड कमी केला आणि म्हणाला, बडे बाबू, आलोच हाओ तं दोन मिनिटं इचारून येता काय? मी डोळे मिटून घेतले. पेशंटने जास्त बोलू नये.

आज सकाळी अन्नपूर्णा ओट्यावर बसून पुष्पीची वेणी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, तुमी गेले तं मी हाये, मी गेली तं तुमी हा. दोघंबी गेलो तं हिची वेनी कोन घालीन? पुष्पी म्हणाली, मी घालीन ना. आणि हसली.

मला भीती वाटली. छातीची नाही. लिहून ठेवतो, भीती वाटली.

२७ जानेवारी, सोमवार

दुसऱ्या एका पोर्टलवर तक्रार टाकली होती की स्पष्ट उत्तर कुठेच मिळत नाही. आज मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का? पर्याय दोन: पूर्णतः, अंशतः. अंशतः दाबलं. धन्यवाद, आपलं समाधान नोंदवण्यात आलं आहे.

म्हणजे कुठेतरी नोंद झाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भागवत पेढे घेऊन आला. गणेशचं नाव पेन्शनच्या आदेशावर चढलं. तीन चकरा मारल्या म्हणे, फोल्डर काखेत धरून सुचिताच्या टेबलासमोर बसून राहिला. पोर्टल त्याने उघडलंच नाही. त्याच्या मोबाइलची काच फुटलेली आहे.

तरी माझं मार्गदर्शन अप्रत्यक्षपणे कामी आलं असं मी म्हटलं. तो म्हणाला, हाव ना बडे बाबू, तुमच्याच पुण्याईनं झालं. पण डिसेंबरच्या मार्गदर्शनाबद्दल तो बोलत नव्हता. २०१६ साली तो रिटायर झाला तेव्हा गणेशचं अपंगत्व लिहायला लाजत होता. तेव्हा मी म्हणे सगळ्या ऑफिससमोर ओरडलो होतो की लिही बे त्या रकान्यात, आज लाजशील तं उद्या पोरगं उघड्यावर पडीन. सर्टिफिकेटही मीच काढायला लावलं होतं. असं म्हणून पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

मला यातलं काही आठवत नाही. पेढे चांगले होते. पुष्पीने चार खाल्ले.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी

आठवतं.

२०१८ चा मे. माझे स्वतःचे पेन्शनचे कागद. कुटुंबाच्या माहितीचा तक्ता, त्यात एक रकाना, अपत्य अपंग असल्यास तपशील. त्याच महिन्यात पुष्पीला जळगाव जामोदचं स्थळ आलं होतं. मुलाचे मामा आमच्याच ऑफिसात टायपिंगला. माझा तक्ता त्यांच्याच टेबलावरून जाणार. काय लिहिणार? मी 'निरंक' लिहिलं, म्हणजे असं काही नाही. अक्षर चांगलं आलं. खाली छापलेलं असतं की वरील माहिती खरी आहे. त्याखाली सही केली.

स्थळवाले आले. पुष्पी साडी नेसून बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, एवढी उत्तरं आम्ही महिनाभर पाठ करून घेतली होती. शिक्षण सातवी, आम्ही दहावी पाठ करून घेतलं. तिने सगळं बरोबर सांगितलं. मग मुलाच्या आईने विचारलं, बाई, आज वार कोनता? हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. पोहे खाऊन लोक उठले. कळवतो म्हणाले. अजून कळवायचे आहेत.

त्यानंतरही सर्टिफिकेट काढलं नाही. कागद झाला की गावभर होतो, मग स्थळ येत नाही. कागद नव्हता तरी आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

यावरून कोणी म्हणेल की उत्तर मला पहिल्यापासून माहीत होतं. तसं नाही. नियम बदलतात. ताजी माहिती ऑनलाइनच असते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला गेलो. अन्नपूर्णाने काल जेवताना सांगितलं की उद्या तुमी नाई गेले तं मी जाईन अन् साऱ्या हापिसासमोर सांगीन. ती तत्त्वाची गोष्ट झाली, म्हणून गेलो.

सुचिताने खुर्ची दिली. चहाचं तिला सुचलं नाही. कपाटातून माझी फाइल काढली, पान उलटलं, त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, सर, इथं तं निरंक हाये. मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, सर, तुमीच आमाले शिकवलं होतं, हा रकाना विचारल्याशिवाय भरू नका म्हणून. मी म्हटलं, शिकवलं असेल.

तिने चिठ्ठीवर लिहून दिलं. एक, त्या वेळी चुकीची माहिती दिली असा स्वतःचा अर्ज. दोन, पुष्पीचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट, चाळीस टक्के किंवा जास्त. हे दोन आणा, पुढचं सगळं मी करून देते, चकरा मारायची गरज नाही म्हणाली. चाळीसच्या खाली आलं तं मात्र सर, कोनाच्याच हातात काही नाही.

अर्ज तिथेच लिहिला. 'अनवधानाने राहून गेले.' ती म्हणाली, अनवधानाने नाही चालत सर. कागद फाडला. 'माहिती हेतुतः लपवली' असं लिहिलं. सही केली. अक्षर चांगलं आलं नाही.

एकूण वेळ, बावीस मिनिटं. ही माहिती ऑनलाइन असायला हवी होती.

१९ मार्च, बुधवार

तपासणीच्या शिबिराची तारीख मिळाली, ८ एप्रिल. नोंदणी ऑनलाइन. चौकोन पुष्पीने निवडले. आता फक्त औपचारिकता आहे. पुष्पीला बघून कोणीही चाळीसच्या वर देईल. माझा अंदाज साठ. अन्नपूर्णा म्हणते, देव करो अन् तेवढे देवोत. बापाने मुलीला जास्त टक्के मिळावे म्हणून प्रार्थना करायची, ती अशी. आज देवळात गेलो होतो. टक्क्यांचा आकडा उच्चारला नाही, देवाला कळलं असेल.

पुस्तिकेचं पहिलं प्रकरण सुरू केलं.

७ एप्रिल, सोमवार

तयारी. अन्नपूर्णा म्हणते, रोजच्या गाऊनवरच नेऊ, जशी हाये तशी पाहूद्या. मी नाही म्हटलं. चार ओळखीचे लोक भेटणार, माझी इतक्या वर्षांची सर्व्हिस आहे, मुलगी नीटनेटकी दिसली पाहिजे. निळी साडी काढायला लावली. पुष्पी खूष. आरशासमोरून हलेना.

८ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी

शिबिर झालं.

रांग मोठी, नंबर एकसष्ट. रांगेत उंद्रीचे एक जुने ओळखीचे भेटले, कोणासाठी आलात विचारलं. मी सांगितलं, आमच्या ड्रायव्हरच्या पोराचं काम आहे. तोंडातून निघून गेलं. पुष्पी शेजारीच उभी होती.

आत टेबल, टेबलामागे तीन माणसं. पुष्पीने पदर सारखा केला आणि तिघांनाही वाकून नमस्कार केला. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं. तिने नाव सांगितलं आणि न थांबता पुढचंही सांगितलं, शिक्षण दहावी, स्वयंपाक सगळा येतो, भाकरी येते, शिवणकामाची आवड आहे. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी चित्रं पुढे ठेवली, सारखी चित्रं ओळख म्हणाल्या. टक टक टक. एक चुकवलं नाही. मला अभिमान वाटला. पाच महिन्यांचा सराव आहे.

मग मला विचारायला लागल्या. आंघोळ स्वतः करते का? हो. वेणी? स्वतःच घालते. पैशांचा व्यवहार कळतो का? हो हो. दुकानात एकटी जाते? सगळा बाजार तीच आणते. माझा मलाच आवाज ऐकू येत होता. समोर टेबल असलं, पलीकडे अनोळखी माणसं असली आणि शेजारी पुष्पी असली की माझ्या तोंडून हेच येतं, इतकी वर्षं हेच येत आलंय. थांबवायचं होतं. थांबलं नाही.

अन्नपूर्णाने दोनदा पायावर पाय दिला. मला वाटलं बाकावर जागा कमी पडतेय. शेवटी तीच बोलली, बाई, हे खरं नाई, माह्या पोरीले काईच येत नाई. पुष्पीच्या तोंडावर ती असं कधीच बोलली नव्हती. पुष्पीचा चेहरा एवढासा झाला. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, मॅडम, हिचं मनावर घेऊ नका, आई आहे, काळजीने बोलते.

त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. बाहेर आल्यावर मला एकंदरीत चांगलं झालं असं वाटलं. पोरगी इतकी छान बोलली. अन्नपूर्णा देऊळघाट येईपर्यंत एसटीच्या खिडकीकडे तोंड करून बसली होती.

११ एप्रिल, शुक्रवार

अन्नपूर्णा बोलत नाही. डॉक्टर लोक अनुभवी असतात, बाप काय बोलतो आणि खरं काय आहे, त्यांना कळतं. शंभर टक्के कळतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

कळलं असेल ना?

२९ एप्रिल, मंगळवार. दुपारी १२.४०

मेसेज आला. लिंक दाबली, पहिल्या झटक्यात उघडली. ओटीपी नव्या नंबरवर आला, लगेच आला. चौकोन विचारलेच नाहीत. पीडीएफ सरळ, शिक्का कोपऱ्यात, अक्षर ठळक. सहा महिन्यांत इतकं स्पष्ट काही पाहिलं नव्हतं.

बौद्धिक अक्षमता, पंचवीस टक्के. स्वरूप: कायम.

खाली शेरा. मुलीचे उच्चार स्पष्ट, वागणूक समाजाला अनुरूप. पालकांच्या सांगण्यानुसार सर्व दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करते.

सुचिताला फोन केला. तिने टक्के विचारले, मी सांगितले. मग म्हणाली, सर, चाळीस पायजे होते. फेरतपासणीला अर्ज करता येतो म्हणाली, पण तिथं पहिल्यांदा हाच शेरा वाचतात, अन् सर, त्याच्याखाली तुमची सही आहे. मी म्हटलं, बघतो, ऑनलाइन काही मार्ग असेल. ती म्हणाली, हो सर, पाहून घ्या.

अन्नपूर्णाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकलं, आणि थापत राहिली.

पुष्पी माझ्याजवळ येऊन बसली. विचारलं, बाबा, त्या लोकाइचा निरोप आला काय? मी आला म्हटलं. काय म्हनले, विचारते. पोहे खाऊन गेलेल्या त्या स्थळवाल्यांबद्दल ती इतकी वर्षं हेच विचारत आली आहे आणि प्रत्येक वेळी आम्ही विषय बदलला. आज बदलला नाही. पसंत आहेस म्हणाले, असं सांगितलं.

ती टाळ्या वाजवत स्वयंपाकघरात पळाली. मंग मले न्याले कवा येतीन, असं आईला विचारताना ऐकू आलं. अन्नपूर्णाने काय सांगितलं ते इथपर्यंत ऐकू आलं नाही.